मी, हर्षलाच्या मशीनचा चौथा अक्ष

मी चौथा अक्ष बोलतोय. नाव भारदस्त आहे, पण रूप साधंच. लोखंडाचा एक जड चक, त्याला लाकूड धरणारे तीन जबडे, मागे मोटर, दोघांना जोडणारा दातेरी पट्टा आणि लाकडाचं दुसरं टोक सांभाळणारा समोरचा टेकू. सांगितलं तेवढंच लाकूड फिरवायचं, हे माझं काम. होतं, म्हणायला हवं. सध्या मी पळसदरीच्या एका गोठ्यात, वाऱ्याने दार आपटू नये म्हणून दाराशी पडून असतो.

माझा चक शिळफाट्याच्या भंगारवाल्याकडचा. बंद पडलेल्या एका वर्कशॉपच्या लेथवरून तो निघाला होता. हर्षलाला तो दिसला तेव्हा त्याचे जबडे गंजून घट्ट बसले होते. ती खोपोलीत इलेक्ट्रिक पॅनल बनवणाऱ्या एका शेडमध्ये वायरिंग करायची. सुटीच्या दिवशी ती मला पिशवीत घालून घरी घेऊन आली. पिशवीचा बंद वाटेतच तुटला, म्हणून स्टेशनपासून तिने मला तान्ह्या पोरासारखं छातीशी धरून आणलं.

हर्षला नवऱ्याला सोडून माहेरी आली होती. गाव म्हणायचं, टाकलेली. घरात आई मोतीबाई आणि थोरला भाऊ रूपेश. वडील हिराजी वारले होते. गुरं विकल्यावर गोठा रिकामाच होता. तिथे तिने स्वतःच्या हाताने एक लहान सीएनसी मशीन उभं केलं होतं. कॉम्प्युटरवर काढलेली नक्षी ते लाकडात कोरायचं. पण त्याला तीनच दिशा ठाऊक होत्या : डावी-उजवी, पुढे-मागे, वर-खाली. सपाट पाटीवर ते झकास चाले. गोल लाकूड समोर आलं की अडायचं. म्हणून तिने मला बनवलं.

तिने मला रॉकेलमध्ये बुडवलं, घासलं, जबडे सोडवले. नवी मोटर कुरिअरने आली. पहिल्या दिवशी मी तिला फार छळलं. एका लाकडाला पेन्सिल टेकवून तिने मला पूर्ण गिरकी घ्यायला लावली, तर रेघेची सुरुवात आणि शेवट जुळेनात. ती आकडे बदलायची, मी पुन्हा चुकायचो. अखेर रेघ रेघेला मिळाली. गोठ्यात दुसरं कुणी नव्हतं, तरी ती मोठ्याने म्हणाली, "आता कसा सरळ आलास!" कुणी मला बोललेलं ते पहिलं गोड वाक्य. दुसरं आलंच नाही.

रूपेशला यंदा पंचायतीला उभं राहायचं होतं. भात कापून मोकळ्या झालेल्या शेतावर त्याने वडिलांच्या नावाने क्रिकेटचे सामने ठेवले. विजेत्या संघाला त्याला गदा द्यायची होती, पण बाजारातली चकचकीत गदा नको होती.

"तुझ्या मशिनवर गदा व्हईल काय गं?" त्याने विचारलं.

"व्हईल. पन मला घाई करायची नाय."

"कर निवांत. मंडपात सगल्यांसमोर सांगतो, माझ्या बहिनीनं केली म्हनून."

घरात तिला कुणी असं काही म्हणत नसे.

सागाचा ओंडका माझ्या जबड्यांत आला. मी कणाकणाने फिरत होतो आणि वरून बिट, म्हणजे कोरणारं टोकदार पातं, खाली-वर होत भाताच्या लोंब्या कोरत होतं. लोंब्या गदेला पूर्ण वेढा घालून पुन्हा स्वतःशीच मिळाल्या. कुठे जोड दिसेना. शेवटी दांडा जिथे गोळ्याला मिळतो तिथे, गळ्याभोवती, तिने बारीक अक्षरं कोरली : 'हिराजीची हर्षला'. सासरचं नाव नाही, आडनाव नाही. वाचायचं तर गदा हातात घेऊन फिरवावी लागे.

सामन्यांच्या आदल्या सकाळी रूपेश गदा न्यायला आला. सोबत कर्जतचा हरेश होता, त्याचा फर्निचरवाला दोस्त. हरेशने गदा हातात फिरवली आणि हसला.

"नाव बघितलंस काय, रूपेश?"

रूपेशने वाचलं. त्याचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं.

"हे काढ."

"का? तूच म्हनालास ना, सांगीन म्हनून?"

"मंडपात सांगायचं वेगलं, बाबांच्या गदंवर लिवायचं वेगलं. टाकलेल्या बाईचं नाव मिरवत संघ गावभर फिरनार? माझं हसं करायचंय काय?"

"मी टाकलेली नाय. मी सोडून आलेय."

"गावाला जाऊन सांग."

हरेश म्हणाला, हाताने घासलं तर गळा वाकडातिकडा दिसेल. गदा चकात फिरत राहिली आणि वरून पॉलिशपेपर धरला तरच एकसारखी होईल. रूपेशला मशीन चालवता येत नव्हतं, हरेशलाही नाही.

"तूच फिरव," तो हर्षलाला म्हणाला.

"मी नाय फिरवनार."

"मग उद्यापासून गोठा रिकामा कर. मशीन उचल आनि तूपन नीघ."

मोतीबाई दारात उभी होती. हर्षलाने तिच्याकडे पाहिलं. मोतीबाईने पदराने तोंड पुसलं.

"फिरव गं बाय," ती म्हणाली. "सनासारखा दिवस हाय. चार अक्षरांनी काय होतंय?"

हर्षलाने गदा स्वतः माझ्या जबड्यांत आवळली. किल्ली काढून तिने बाजूला ठेवली. तिने बटण दाबलं आणि मी फिरू लागलो. हरेशने पेपर लावला. दोन्ही नावं एकदमच फिकट होऊ लागली. रूपेश म्हणाला, "बाबांचं नाव तरी ऱ्हाऊ दे." हरेश म्हणाला, फिरताना एक ठेवून दुसरं काढता येत नाही. तो पेपर दाबत राहिला. सागाची पिवळट भुकटी उडून हर्षलाच्या मनगटावर, पापण्यांवर बसली. तिने ती झटकली नाही. तिचं बोट बटणावर होतं, आणि ते उचलेपर्यंत थांबणं मला ठाऊक नव्हतं. गळा गुळगुळीत झाला.

दुसऱ्या दिवशी माइकचा आवाज गोठ्यापर्यंत येत होता. हर्षला खाली बसून माझ्या जबड्यांतली भुकटी ब्रशने काढत होती. "मंडळी, ही गदा दुकानातली नाय!" रूपेशचा आवाज घुमला. "माझ्या गोठ्यात, माझ्या मशिनवर घडलेली हाय!" टाळ्या पडल्या. तिने ब्रश खाली ठेवला. माझ्यातलं अर्धं साफ करायचं तसंच राहिलं.

गदेचं नाव झालं. आसपासच्या गावांतून विचारणा आली. रूपेश आनंदाने आला.

"अजून तीन-चार कर गं."

"मला येत नाय," ती म्हणाली.

"म्हंजे?"

"मशीन तुझं हाय ना, दादा? मग तुलाच येत आसंल."

त्याने हरेशला बोलावलं. बघून आठवत होतं तेवढ्यावर हरेशने लाकूड माझ्यात अडकवलं, समोरचा टेकू अर्धवट आवळला आणि सुरुवातीची जागा चुकीच्या टोकाला धरली. हर्षला दारात बसून वालाच्या शेंगा सोलत होती. तिला दिसत होतं. बिट लाकडावर नाही, माझ्या जबड्यावर उतरणार होतं. एक शब्द पुरला असता. तिने शेंग मोडली, दाणे सुपात टाकले आणि दुसरी शेंग उचलली.

बिट जबड्यावर आदळून तुटलं. त्याचा तुकडा हरेशच्या गालात घुसला. मशीन थांबलं नाही, पुढेच रेटत गेलं. माझे बोल्ट उखडले, पट्ट्याचे दात झडले. रक्त बघून रूपेश आधी घाबरला, मग चिडला. त्याने हातोडा घेऊन मला जागेवर बसवायचा प्रयत्न केला. मी बिडाचा, ओतीव लोखंडाचा; बिडाला ठोकायचं नसतं. मला आरपार तडा गेला.

"बघत बसलीस?" तो बहिणीवर ओरडला. "मानूस मेला आसता!"

"माझं नाव पुसताना तुमी सगले पन बघतच होतात," ती म्हणाली, आणि सूप घेऊन आत गेली.

त्याच महिन्यात तिने शेलूला एक खोली घेतली. रविवारी टेंपो घेऊन मशीन न्यायला आली. रूपेश घरी नव्हता. तिने तीन दिशांचं सगळं सामान खोलून पोत्यात गुंडाळलं. मग माझ्याजवळ बसली. तिच्या बोटांचा स्पर्श मी ओळखला. वाटलं, आता पुन्हा रॉकेल, पुन्हा ब्रश. तडा काय, सांधता येईल. तिने माझी मोटर काढली, वायर नीट गुंडाळली आणि उठली.

मोतीबाई म्हणाली, "तो पन ने ना. इतक्या हौसंनं केलास."

"नको, आये. त्यानं माझं नाव पुसलंय."

बटण तिच्याच बोटाखाली होतं, हे मी कसं सांगणार? पट्टा तुटलेला, मोटर तिच्या पिशवीत. आणि सांगता आलं असतं, तरी सांगावं की नाही, हे मला अजून कळलेलं नाही.

मोतीबाई टेंपोमागे फाटकापर्यंत गेली. "कधी येशील?" तिने विचारलं. टेंपो सुरू झाला होता. हर्षलाने ऐकलं की नाही, कुणास ठाऊक.

आता रोज सकाळी मोतीबाई मला पायाने ढकलून दार उघडते आणि संध्याकाळी पायानेच जागेवर आणते. दमट हवेने जबडे पुन्हा घट्ट धरलेत. मला तेल नको, दुरुस्ती नको. मला परत भंगारात द्या, एवढंच मागणं आहे. तिथे मी इतर लोखंडासारखं लोखंड असेन. इथे ही म्हातारी दिवसातून दोनदा माझ्याकडे बघते आणि काहीच बोलत नाही.