उलटी जोडलेली फीत

बायकोचा आवाज असलेली एकच कॅसेट आमच्या घरात होती. बायको जाऊन सात महिने झाले. आज सकाळी टेपरेकॉर्डरने ती कॅसेटच खाल्ली. फीत तुटली आणि आत गुंता झाला.

मी पाच मिनिटं खटपट केली आणि हात टेकले. "आपण शिंपी. आपल्याला यातलं काय कळतंय?"

मुलगी कमरेवर हात ठेवून उभी. "मागच्या आठवड्यात लोकरीचा गुंता सोडवलात की! शेजारच्या काकू फेकून द्या म्हणाल्या, तर त्यांच्यावरच डाफरलात."

"ती लोकर होती गं."

"मग ही कोण लागून गेली?"

मी पुन्हा पाहिलं. खरंच की, चपटा दोराच हा! गुंता ओढायचा नसतो, सैल करत जायचं असतं. हे तर मला झोपेतही जमतं. पाच मिनिटांत कंटाळलेला मी दोन तास मान वर न करता बसलो. जेवण गार झालं. हाका मारून मारून मुलगी दमली.

टोकं चिकटपट्टीने जोडली, पेन्सिलीने फीत गुंडाळली आणि बटण दाबलं.

"झालं का सुरू?" बायकोचा आवाज! आणि पुढे नुसतीच गुरगुर.

"गेलं सगळं," मुलगी रडवेली झाली.

मला मात्र हसू फुटलं. "गेलं कसलं! कापडासारखी सुलटी बाजू सुलटीवर ठेवून जोडली मी. पुढची सगळी फीत पालथी पडली. उसवू."

"आणि पुन्हा तुटली तर?"

"तर पुन्हा जोडू. उसवायला घाबरतो तो शिंपी कसला?"

पट्टी सोलताना फीत खरंच तुटली, दोनदा. मी शिट्टी वाजवत टोकं कापली आणि पुन्हा जोडली. मग बटण दाबलं.

"झालं का सुरू? अहो, मशीन थांबवा ना जरा, मला गाणं म्हणायचंय!"

मागे माझ्या मशीनची खडखड. टेपमधला मी काही थांबेना.

"बाबा, किती हट्टी हो तुम्ही!"

"घाईचं काम असेल गं!"

मग टेपमधल्या तिने माझ्या खडखडीच्या वर आवाज चढवला आणि गायला लागली. थेट वरच्या पट्टीत!

"वाढवा, बाबा, आवाज वाढवा!"

मी वाढवला. अजून वाढवला.