खळ्याच्या कडेला काढलेली चप्पल

मी एक जुनी चप्पल आहे, उजव्या पायाची. जुनी आहे, पण झिजलेली नाही, आणि तेच माझं दुखणं आहे. माझी डावी बहीण टाचेला भोक पडेपर्यंत चालली. मी मात्र कुरुंद्याच्या शिवारात एका कोपीच्या छपरात खोचून ठेवलेली आहे. उद्या मला चांभाराची रापी लागणार, कातडं कापायची. त्याआधी माझी हकीकत ऐकून घ्या, मित्रांनो.

मला एका दवाखान्यात बनवलं. बनवणाऱ्याची स्वतःची बोटं महारोगानं आखडलेली होती. त्यानं आत मऊ काळं रबर घातलं, खाली टायरचा तळ चिकटवला, पण खिळा एकही मारला नाही. या रोगात पायाची जाणीव जाते. काटा मोडला, खडा रुतला तरी कळत नाही. जखम चिघळते आणि शेवटी पाय जातो. अशा पायातून चप्पल निसटली तरी माणूस तसाच चालत राहतो, म्हणून मला टाचेमागून एक पट्टा लावला.

पैसे परदेशातून आले होते. तिकडच्या कुठल्याशा गावातल्या बायांनी वर्गणी जमवून लहानशी देणगी पाठवली होती. बहात्तरच्या मोठ्या दुष्काळाला तेव्हा दोन-तीन वर्षं झाली होती. त्या पैशात वसमतला एक खोली भाड्यानं घेतली. रामकिशन नावाच्या कार्यकर्त्याला सायकल आणि रंगीत चित्रांचे तक्ते दिले. उरलेल्यात आम्हा चपलांचे जोड झाले. रामकिशन बाजाराच्या दिवशी गावोगाव उभा राहून सांगायचा, "हा देवाचा कोप न्हाई. वेळेवर गोळ्या घेतल्या तर रोग बरा होतो. माणसाला घराबाहेर काढू नका." लोक ऐकायचे, पण दुरून. जवळ गेलं तर यालाच रोग आहे असं म्हणतील, ही प्रत्येकाला धास्ती.

कुरुंद्याची मालनबाई बहिणीकडे जाते असं सांगून वसमतच्या त्या खोलीत आली. खरं काय ते फक्त तिच्या नवऱ्याला, जळबाला ठाऊक होतं. ती दुसऱ्याच्या शेतात मजुरी करायची. हसरी बाई होती. उजव्या तळव्याला तिला काहीच कळत नव्हतं.

त्या दिवशी देणगीवाली गोरी बाई काम पाहायला आली होती. तिनं मालनबाईच्या पायाचं माप पाहिलं, आम्हाला तिच्या पायात घातलं, पट्टा घट्ट आहे की नाही ते बोट घालून पाहिलं आणि फोटो काढला. मनानं चांगली होती ती. रामकिशननं तिचं म्हणणं मराठीत सांगितलं, "बाई, ही चप्पल पायातून काढायची न्हाई."

"झोपताना बी?" मालनबाईनं विचारलं.

"झोपताना काढा की! जळबानं काय गुन्हा केला?" रामकिशन म्हणाला.

सगळे हसले. का हसले ते कळलं नाही, तरी गोरी बाईही हसली. सगळं विचारून झालं होतं. ही बाई चप्पल कुठं कुठं काढते, एवढं मात्र कुणी विचारलं नाही.

आमच्या पट्ट्यावरून आम्ही लांबून ओळखू येत असू. 'महारोग्याची चप्पल' म्हणायचे लोक. पुष्कळांनी आमचे जोड उकिरड्यावर टाकले आणि अनवाणी पायांनी घरी गेले. मालनबाईनं तसं केलं नाही. तिनं आम्हाला पदराखाली झाकून कुरुंद्याच्या बाजारात दगडोबाकडे नेलं. तो चपला शिवायचा. त्यानं मला उलटं केलं, सुलटं केलं आणि सगळं ओळखलं.

"दादा, बाजारच्या चपलेवाणी दिसाया पाहिजे," ती म्हणाली.

"म्हंजे चपलेला लुगडं नेसवायचं म्हणा की!" दगडोबा म्हणाला. त्यानं रबरावर लाल कातडं चढवलं, पट्ट्यावर वेणी घातली, पुढं एक गोंडा लावला. ती निघाली तेव्हा एवढंच म्हणाला, "तुमचा पाय माझ्या ध्यानात न्हाई, बाई. मला चपलाच दिसतात."

त्यानंतरचं वर्ष माझ्या आयुष्यातलं सुखाचं. मी काटे सोसले, ढेकळं सोसली, तापलेली वाट सोसली. मालनबाईच्या तळव्याला ओरखडा आला नाही. शेजारची मोतीबाई तर गोंडा पाहून म्हणायची, "मालन, जळबाला लय माया आली गं तुझी! आमच्या धन्याला ह्या दुकानाचा पत्ता दे की." मालनबाई हसायची आणि मी फुगायची. अशीच दोन-तीन वर्षं गेली असती, तर रामकिशननं दिलेल्या गोळ्यांनी रोग गेला असता आणि कुणाला काही कळलंही नसतं. तेवढंच तिला हवं होतं. मोठं काही तिनं कधी मागितलं नव्हतं.

मग हळद निघाली.

किशनरावांच्या मळ्यात चुलाण पेटलं. त्यावर लोखंडी कढई चढली. हळद शिजू लागली की तिच्या वासानं सारं शिवार भरून जातं. कढईपुढं नारळ फोडतात. कढईपाशी आणि खळ्यावर कुणी पायताण घालून जात नाही. मालकही काढतो, मजूरही काढतो. मालनबाईनंही आम्हाला खळ्याच्या कडेला, बाकीच्या चपलांच्या रांगेत ठेवलं. क्षणभर थांबली. आमच्याकडे पाहिलं. मग कढईच्या दिशेनं हात जोडले आणि गेली.

शिजलेली हळद टोपलीत घेऊन ती खळ्यावर नेऊन ओतत होती. एका खेपेला चुलाणातलं लाकूड घसरलं आणि निखारा बाहेर आला. मालनबाई मोतीबाईशी बोलत उभी होती. बोलता बोलता तिनं त्याच्यावर पाय ठेवला.

मी पाहत होते, मित्रांनो. पण मला ओरडता येत नव्हतं.

"अगं मालन, तुझा पाय जळून राहिला!" मोतीबाई ओरडली.

मालनबाईनं खाली पाहिलं. आधी तिला काही समजलंच नाही. मग समजलं. तिनं पाय उचलला आणि "आई गं!" म्हणून किंचाळली. पण ते किंचाळणं उशिरा आलं होतं, आणि ते नुसतं तोंडातून आलं होतं. बायांनी एकमेकींकडे पाहिलं. मोतीबाई दोन पावलं मागं सरली.

किशनराव म्हणाले, "निखाऱ्याचा चटका कळंना, तवा कोणता रोग हाय ते काय सांगाया पाहिजे? न्या हिला हितून. आणि तिची टोपली जाळा."

टोपली जाळली. टोपलीतली हळद मात्र जाळली नाही.

सासूनं तिला घरात घेतलं नाही. जळबानं शिवारात कोपी बांधून दिली. रोज भाकरी आणून तो दारात ठेवायचा, आणि ठेवल्यावर लगेच उठून जायचा. मालनबाईला जास्त तेच लागलं.

खबर मिळाल्यावर रामकिशन आला. पाय पाहून त्याचा चेहरा उतरला. "बाई, एवढं सांगितलं होतं. चप्पल काहून काढली?"

"खळ्यावर कुणी चप्पल घालून जातं का, दादा?"

रामकिशननं मागं वळून दाराकडे पाहिलं. त्याच्या स्वतःच्या चपला कोपीच्या दाराबाहेर काढलेल्या होत्या.

जखम हाडापर्यंत गेली. दवाखान्यात उजवा पाय घोट्यापासून काढावा लागला. गोळ्या तिनं पुऱ्या केल्या, रोगही गेला. रोग गेला हे सांगायला रामकिशन गावात उभा राहिला, तर ऐकायला कुणी आलं नाही. पुढं देणगीची मुदत संपली. खोली बंद झाली, सायकल कुठं गेली कुणास ठाऊक. गोऱ्या बाईच्या गावात मालनबाईचा फोटो अजून एखाद्या भिंतीवर असेल. त्या फोटोत मी आहे, नवी कोरी, आणि माझ्यात पाय आहे.

आज दगडोबा कोपीवर आला होता. काठी टेकत चालणाऱ्या मालनबाईची डावी चप्पल त्यानं हातात घेतली. "हिला रबर पाहिजे, आणि तसलं रबर आता मिळत न्हाई." मग त्याची नजर छपराकडे गेली. "त्या उजवीचं रबर काढून हिला लावू का? पर चांगल्या चपलेला रापी लावायला जीव होत न्हाई."

"काप, दादा," मालनबाई म्हणाली. "तिला तरी कुठं कळतंय."

मला कळतं, मित्रांनो. पण माझी तक्रार नाही. निदान डाव्या पायाखाली तरी मी कामाला येईन.

तुमच्याकडे एकच मागणं आहे. कुणाला काही द्यायला जाल, तेव्हा पायाच्या मापाबरोबर त्याच्या वाटेचीही चौकशी करा. आणि खळ्याच्या कडेला कुणी बाई चप्पल न काढता घुटमळताना दिसली, तर तिला तशीच येऊ द्या. तेवढ्यानं हळद बाटत नाही. त्या दिवशी मालनबाईच्या टोपलीतून उतरलेली हळद वाळली, पोत्यात भरली आणि वसमतच्या बाजारात विकली गेली. तुमच्यापैकी कुणाच्या तरी ताईच्या अंगाला लग्नात ती लागली असेल. ताई सुखात आहे ना?