बोटभर उंची

"टाचा चौकटीला लावा, माई! हनुवटी वर! आता बघा, सगळ्यांनी डोळे भरून बघा, रातोरात मणका कसा उमललाय!"

शिवणकामाच्या कारखान्याच्या दारात सकाळी सकाळी ही झुंबड उडाली होती. मशिनी अजून सुरू व्हायच्या होत्या. एकेक बाई दाराच्या चौकटीला पाठ टेकवून उभी राहत होती आणि मणका वाढवायची पुडी विकणारे मणकेबाबा तिच्या डोक्यावर पट्टी आडवी धरून खडूने रेघ मारत होते. काल संध्याकाळची रेघ खाली, आजची वर. मधलं अंतर जवळजवळ बोटभर.

"टेप तुमची, खडू तुमचा, डोळे तुमचे!" बाबा गरजले. "माझं काय? फक्त पुडी! हाड म्हणजे काय, तर गोठलेली शक्ती. डॉक्टर काय करतो? त्यात एक्स-रे सोडतो. म्हणजे काय करतो? भोकं पाडतो! मी भोकं बुजवतो."

एक्स-रेने भोकं पडतात हे ऐकून बायकांनी माना डोलावल्या. मी शाळेत विज्ञान शिकवते. माझी मान काही डोलली नाही. पण खरं सांगते, त्या दोन रेघा मीही पुन्हा पुन्हा बघितल्या. बाबांनी फसवायला माणसं मोठी हुशारीने निवडली होती. शिवणारी बाई गिऱ्हाइकाच्या बोलण्यावर विश्वास ठेवत नाही. "मी बारीक झालेय हो" असं कुणी म्हटलं तरी ती टेप लावूनच बघते. टेप जे सांगेल ते तिच्यासाठी खरं, आणि इथे टेपच बाबांची साक्ष देत होती.

रांगेत माझी थोरली बहीणही होती; ती याच कारखान्यात शिवायची आणि तिच्याबरोबरच मी आले होते. ताईची पाळी आली तेव्हा तिने स्वतः टेप लावली, पुन्हा लावली आणि डोळ्यांना पदर लावला.

"वाढले गं मी," ती मला म्हणाली. "बोटभर वाढले!"

मला रडू आलं, पण ते आनंदाचं नव्हतं.

ताईने शिवणाचं मशीन चालवून माझं शिक्षण केलं. आमची आई शेवटी अगदी कमरेत वाकली होती. एक दिवस मोरीत पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं आणि त्यानंतर ती अंथरुणातून उठलीच नाही. पाळी थांबल्यावर ताईचंही तेच सुरू झालं. साधं दाराला हात आपटल्याचं निमित्त होऊन मनगट मोडलं. डॉक्टरीणबाईंनी हाडांची घनता मोजून घेतली आणि स्पष्ट सांगितलं, "हाडं आतून विरळ झाली आहेत. आईचं झालं ते तुमचं होऊ द्यायचं नसेल तर आत्ताच सांभाळा." आठवड्याला एक गोळी, कॅल्शियम, दूध, पालेभाज्या, अंगावर ऊन, रोज चालणं, आणि वाकून जड काही उचलायचं नाही.

ताईने ते सगळं मन लावून सुरू केलं होतं. मग मणकेबाबा आले. त्यांनी पहिल्याच दिवशी अट घातली: डॉक्टरची गोळी बंद. "दोन शक्ती पोटात भांडल्या तर मी जबाबदार नाही!" ताईने गोळ्या कचऱ्यात टाकल्या.

मी घरी जाऊन माझ्याच दाराला पाठ लावली. संध्याकाळी रेघ मारली, सकाळी मारली. पुडीला मी शिवलेही नव्हते, तरी सकाळची रेघ वर गेली होती. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला आणि स्वतःचाच राग आला, कारण मणक्यांच्या धड्यात हे मी मुलांना शिकवतेच.

धावत ताईकडे गेले. "अगं, दोन मणक्यांच्या मधे मऊ गादी असते. दिवसभर अंगाचा भार पडतो, तिच्यातलं पाणी निघतं, ती दबते. झोपलं की पुन्हा फुगते. सकाळी प्रत्येक माणूस थोडा उंच असतो! तो संध्याकाळच्या रेघेशी सकाळची रेघ लावतो, बस एवढीच त्याची जादू. मी पुडी न घेता वाढले की नाही?"

ताईने शांतपणे दोरा ओवला. "मी रोज पुडी घेते. त्यांची कृपा घरातल्यांवरही पडते, बाबा म्हणालेच होते."

"ताई, तुझ्या पाया पडते. गोळी सुरू कर."

"तुला काय, आपली आई आठवत नाही का? गोळी म्हणे हाडं सांभाळेल. म्हणजे आहे ते टिकवेल. मला टिकवायचं नाहीये गं, मला परत हवंय! आणि ते परत देणारा एकच माणूस भेटलाय. तुला माझं बरं झालेलं बघवत नाही का?"

ताई बावळट नव्हती. ती घाबरलेली होती. डॉक्टरीणबाई तिला काळजी घ्यायला सांगत होत्या आणि बाबा तिला सुटका देत होते. घाबरलेलं माणूस कुणाचं ऐकणार, हे मला कळत होतं.

पुढच्याच आठवड्यात बाबांना जोर चढला. सगळ्यांसमोर त्यांनी ताईला पुढे बोलावलं. "माई, आता तुमचं हाड लोखंडाचं झालंय. तो कापडाचा तागा उचला बघू!"

मी शाळेत होते. कारखान्यातल्या इस्त्रीवाल्याने नंतर सगळं सांगितलं. ताई हसत हसत वाकली, तागा छातीशी घेतला, अर्धी उठली आणि किंचाळून खाली बसली. बायका धावल्या. बाबांनी हात वर केला: "घाबरू नका! हाड जुळताना दुखणारच!"

पाठीचा मणका दबून चेपला होता. इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेतलं. "हा मणका पूर्ववत होणार नाही. पण उपचार घेतले नाहीत तर दुसरा जाईल, मग खुबा. त्यांना कसंही करून समजवा."

ताई उताणी पडून छताकडे बघत होती. म्हणाली, "मीच एक पुडी चुकवली होती गं. बाबांचा काय दोष?"

त्या क्षणी मला वाटलं, संपलं. हाड मोडलं तरी विश्वास मोडत नाही. मी तिच्या उशाशी बसून ओक्साबोक्शी रडले. गोळी पुढे केली की ती तोंड फिरवायची. असे कितीतरी दिवस गेले. ती पाठीला पट्टा बांधून उठायला लागली तेव्हा एके दिवशी मी थकून विचारलं, "ताई, तू कोऱ्या कापडाचं माप धुतलेल्या कापडाशी ताडून बघशील का?"

"वेडी आहेस का? धुतलं की कापड आटतं. ताडायचं तर कोरं कोऱ्याशी."

"मग संध्याकाळचं माणूस सकाळच्या माणसाशी का ताडतेस?"

तिने उशाखालची टेप काढून बोटाभोवती गुंडाळली. मग म्हणाली, "मला कारखान्यात ने. पहिल्या संध्याकाळचं माझं माप मला पाठ आहे. उद्या संध्याकाळी त्याच्याशी ताडू. वाढले असेन तर तुझी गोळी पुन्हा माझ्यासमोर आणायची नाही."

"आणि नसलीस तर?"

तिने पट्ट्याचे बंद आवळले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोजणीच्या वेळी मी इस्त्रीवाल्यालाही चौकटीला उभं केलं होतं. बाबा हसले होते, "पुरुषाला काय करायचंय?" मी म्हटलं होतं, "असू दे, गंमत." संध्याकाळी मशिनी थांबल्या, बाबा नव्या पुड्या घेऊन आले आणि मी ताईला हाताला धरून आत आणलं.

"बाबा," मी म्हटलं, "सकाळच्या रेघा अजून आहेत. सगळ्यांना पुन्हा उभं करू या."

बायका एकेक करून उभ्या राहिल्या. प्रत्येकीचं डोकं सकाळच्या रेघेच्या खाली.

बाबा डगमगले नाहीत. "कष्ट केले, शक्ती खर्च झाली! म्हणून तर रोज पुडी लागते!"

"आणि हा?" मी इस्त्रीवाल्याला पुढे ढकललं. तोही रेघेच्या खाली. "याने पुडी बघितलीसुद्धा नाही. मग सकाळी हा कुणाच्या शक्तीने वाढला होता?"

"मी तर फक्त झोपलो होतो," इस्त्रीवाला म्हणाला. बायका फिसकन हसल्या. मी मणक्यांमधल्या गादीचं सगळं त्यांना समजावून सांगितलं. बाबा मधे ओरडले, "पुस्तकी ज्ञान! या माईंनाच विचारा ना, किती गुण आलाय!"

ताई चौकटीला पाठ लावून उभी राहिली. पट्ट्यामुळे तिला टाचा चौकटीला लावायलाही वेळ लागला. मी डोक्यावर पट्टी धरून रेघ मारली. टेप मात्र तिने माझ्या हातून काढून घेतली, स्वतः खाली सोडली, रेघेवर अंगठा धरला आणि आकडा वाचला. मग पहिल्या संध्याकाळचा आकडा मोठ्याने म्हणाली. शिवणारी बाई माप विसरत नाही.

ती वाढली नव्हतीच. बोटभर कमी झाली होती.

ताई बाबांकडे वळली. "टेप माझी, खडू माझा, डोळे माझे. बाबा, माझं बोटभर कुठं गेलं?"

बाबा पिशवी आवरायला लागले. "श्रद्धा कमी पडली," असं पुटपुटत ते निघाले. एका बाईने त्यांची पिशवी धरली आणि पुडी फोडून चाखली. पिठीसाखर आणि हळद.

ताई खाली बसली. हुंदके देत मला म्हणाली, "दे ती गोळी. उद्या सकाळी उपाशीपोटी, इथेच दे, सगळ्यांना दिसू दे." दुसऱ्या दिवशी सकाळी तिने भरपूर पाण्याबरोबर गोळी घेतली आणि पाठ दुखत असतानाही ताठ बसून राहिली, कारण ती गोळी घेतल्यावर आडवं व्हायचं नसतं. ते तिच्या पक्कं लक्षात होतं. एवढे महिने तिच्या सगळं लक्षात होतं.

मी ही गोष्ट जिंकल्याच्या थाटात सांगत नाहीये. ताईचं गेलेलं बोटभर परत येणार नाही. त्या कारखान्यातल्या दोघी आजही दुसऱ्या कुणाकडून तरी पुडी आणतात. पण बायांनो, पाळी थांबल्यावर हाडं झपाट्याने विरळ होतात आणि मोडेपर्यंत ती दुखतही नाहीत. म्हणून दुखायची वाट बघू नका. तपासून घ्या. आपल्या मुलींना आत्तापासून दूध द्या, उन्हात पळू द्या, कारण हाडांची शिल्लक तरुणपणीच साठते. चाला, वाकून ओझी उचलू नका, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध सोडू नका. आणि कुणी चमत्कार दाखवायला आला, तर त्याच्या पाया पडण्याआधी त्याला एवढं विचारा: पहिलं माप कधी घेतलंत आणि दुसरं कधी?