पिशवीतला माझा फोन

भाताच्या कुकरने फुस्सकन वाफ सोडली आणि माझी पाच वर्षांची नारिन जागी झाली. तिचं कपाळ जरासं गरम लागत होतं. तेसकने, माझ्या नवऱ्याने, तिच्या खेळण्यांच्या टोपलीतून माझा जुना, बंद पडलेला फोन काढून माझ्या हातात ठेवला.

"पिशवीत हा टाक. खरा राहू दे खिशात. कोण बघतंय?"

आदल्या दिवशी माझ्या वर्गात हेच झालं होतं. आमच्या शाळेत सकाळी सगळ्या मुलांचे फोन एका पिशवीत जमा होतात आणि सुटताना परत मिळतात. दाबिन नावाच्या मुलीने पिशवीत बंद पडलेला फोन टाकला आणि खरा बाकाखाली धरून बसली. मी पकडल्यावर तिने थंडपणे विचारलं, "बाई, तुमचा कुठे आहे?" नेमका तेव्हाच माझा खिसा थरथरला. वर्ग खो खो हसला. उद्यापासून माझाही पिशवीत, असं मी सांगून टाकलं.

उपमुख्याध्यापकांनी बोलावून समजावलं, की शिक्षकाने पोरांच्या रांगेत उभं राहायचं नसतं. शिवाय शाळेच्या ग्रुपवर निरोप आला तर? मी म्हटलं, वर्गापर्यंत चालत या. फार हट्टी आहात, म्हणाले. मी हो म्हटलं.

तर तो जुना फोन मी टोपलीत परत टाकला. बालवाडीच्या बाईंना सांगितलं, आज काही लागलं तर तेसकला कळवा.

वर्गात मी सगळ्यांदेखत माझा फोन चालू करून दाखवला. पडद्यावर नारिनचं हसू उजळलं, ते तसंच पिशवीच्या कप्प्यात सरकवलं. दाबिन बराच वेळ बघत राहिली. मग मोज्यातून आपला खरा फोन काढून पुढे आली.

"घ्या. पण सुटेपर्यंत तुम्हीही हात लावायचा नाही, बाई."

"नाही लावणार."

शाळा सुटल्यावर पिशवी उघडली, तर बालवाडीचे फोनवर फोन येऊन गेलेले. मी धावत घरी पोचले. नारिनला दुपारी ताप चढला होता, आईच हवी म्हणून ती रडली होती, तेसक काम टाकून तिला घेऊन आला होता. तो पेज ढवळत राहिला. त्याने विचारायच्या आत मीच म्हटलं, "उद्याही फोन पिशवीतच टाकणार आहे."

पांघरुणातून नारिनने डोकं बाहेर काढलं.

"आई, उद्या मी अजून जोरात रडले तरी?"