मसूरवाल्याचं माप

लोकसभेच्या अध्यक्षपदाच्या सोडतीत फानियासचं नाव निघालं. अथेन्सची मोहोर आणि खजिन्याच्या किल्ल्या एका दिवसापुरत्या एका मसूर विकणाऱ्याच्या हाती आल्या. हा मान जन्मात एकदाच मिळायचा.

"अहो राजे," बायको निकारेते हसली, "निदान पाय तरी धुऊन जा."

"राजा असता तर आपली पाळी आली असती का गं?"

दुसऱ्या दिवशी पहाटे सभेची टेकडी माणसांनी फुलून गेली. चांभार, वल्हेकरी, मासळीवाले! या लोकांनी हात वर केले की शेकडो बेटं खंडणी भरायची. या विचाराने फानियासच्या अंगावर काटा आला.

यंदा केलेन्द्रा बेटाने खंडणी नाकारली होती. तिथले सगळे पुरुष मारायचे की सोडायचे, एवढाच प्रश्न होता. बेटावरचा एक म्हातारा दयेची याचना करणारी ऑलिव्हची फांदी धरून खाली उभा होता.

वर झालेले हात कुणी मोजत नसे. अध्यक्षाने नजर फिरवायची आणि सांगायचं. फानियासचं माप कधी कमी भरत नाही, हे बाजारातलं शेंबडं पोरही सांगे. त्यामुळे लोक निर्धास्त होते.

"मारा म्हणणारे?"

उतारभर हात उठले. शेजारी बसलेल्या कोमियास तेलवाल्याचाही उठला. त्याचं माप किती खोटं असे, तेही बाजाराला ठाऊक होतं.

"सोडा म्हणणारे?"

पुन्हा उतार भरला. सहसा कुणाला फरक कळला नसता. पण तीस वर्षं ढीग पाहिलेल्या नजरेला मूठभर फरकही दिसतो. मारा म्हणणारे मूठभर जास्त होते.

म्हातारा त्याच्याकडेच बघत होता.

"सोडा," फानियास म्हणाला. "सोडा म्हणणारे जास्त."

कुणी हरकत घेतली नाही. म्हातारा मटकन खाली बसून रडू लागला. एवढं अफाट राज्य आपल्या एका शब्दावर वळलं! त्याला आनंद झाला, आणि भीतीही तेवढीच वाटली.

सूर्य मावळताना नवी सोडत निघाली. नाव कोमियासचं होतं. किल्ल्या घेताना तो फानियासच्या कानाशी वाकला.

"सकाळी मीही बघत होतो, बरं का."

फानियासने विचारलं, "मग बोलला का नाहीस?"

"शिकत होतो," कोमियास म्हणाला. "उद्या दुसऱ्या बेटाची पाळी आहे."