इंदुताईंचा कॉम्प्युटर

इंदुताईंनी काउंटरवरच्या कॉम्प्युटरला बोट लावलं आणि तेच बोट लगेच पदराला पुसलं. चिकट होतं. नवी वस्तू चिकट कशी असेल?

“मामी, उगाच हात लावू नको,” रणजीत म्हणाला. “इलेक्ट्रॉनिक वस्तू असते.”

रणजीत म्हणजे इंदुताईंच्या नणंदेचा मुलगा. हिंजवडीला कुठल्याशा कंपनीत ‘सपोर्टला’ होता आणि तेवढ्यावर काळेवाडीतल्या तीन घरांत मोबाइल, गीझर, विमा आणि लग्नाची स्थळं, सगळ्यात त्याचाच शब्द शेवटचा धरला जायचा. खांद्याला कंपनीची बॅग, गळ्यात कंपनीचं कार्ड. सुट्टी घेतली तरी कार्ड गळ्यातच. आंघोळीला तरी काढत होता की नाही, देव जाणे.

दुकानही त्याच्याच ओळखीचं. मालक धनेश गालात सुपारी धरून मोबाइलकडे बघत बोलायचा. इंदुताई येऊन अर्धा तास झाला होता, पण त्याने त्यांना एक प्रश्न विचारला नव्हता. सगळं बोलणं रणजीतशी. “आठची रॅम टाकतो भावा. काकूंना बास झाली.” वस्तू काकूंची, पैसे काकूंचे, आणि काकू जशा काही बाहेर चपला राखायला आल्या होत्या.

इंदुताई गेली सतरा वर्षं चाकणच्या एका कंपनीत पीस तपासत होत्या. गाडीच्या आत बसणारे प्लॅस्टिकचे भाग साच्यातून निघून टेबलावर यायचे, आणि पांढऱ्या ट्यूबखाली इंदुताई एकेक पीस हातात फिरवून बघायच्या. ओरखडा, ठिपका, खळगा, कडेला राहिलेलं जादा प्लॅस्टिक. चांगला पीस डावीकडे, वाईट लाल पेटीत. सतरा वर्षांत त्या काही कायम झाल्या नाहीत. ठेकेदाराचं नाव बदलायचं, नवं कार्ड मिळायचं, टेबल तेवढं तेच राहायचं.

आता त्या टेबलावर पीस तपासायला कॅमेरे बसणार होते. साहेबाने बावीस बायकांना कँटीनमध्ये उभं करून सांगितलं, की स्क्रीनसमोर बसायला चौघी लागतील. पुढच्या शुक्रवारी परीक्षा. माउस धरता आला पाहिजे, फाइल उघडता आली पाहिजे, तक्त्यात आकडे भरता आले पाहिजेत. उरलेल्या अठरा जणींचं काय, हे कुणी विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती.

इंदुताईंनी जन्मात माउसला हात लावलेला नव्हता. नाक्यावरचा क्लासवाला म्हणाला, आमचा कोर्स तीन महिन्यांचा असतो, आठ दिवसांचा नाही. शेजारच्या खोलीतली विजयश्री बी.कॉम.ला होती. ती म्हणाली, “काकू, तुम्ही फक्त मशीन आणा. संध्याकाळी मी शिकवते.” खोली दहा बाय बाराची. म्हणून इंदुताईंनी ठरवलं, छोट्यातला छोटा कॉम्प्युटर घ्यायचा, घरच्या टीव्हीलाच जोडायचा. गुरुवारची साप्ताहिक सुट्टी होती, तर त्या रणजीतला बरोबर घेऊन दुकानात आल्या. हीच चूक झाली.

त्यांनी तो डब्याएवढा कॉम्प्युटर दोन्ही हातांनी उचलला आणि दुकानातल्या ट्यूबखाली तिरका धरला. अशा वेळी त्यांचा चेहरा पार बदलायचा. बोलणं थांबायचं, पापणी लवायची नाही.

“रणजीत, हे नवं नाही,” त्या म्हणाल्या.

रणजीत हसला. त्याचं बघून धनेशही हसला.

“मामी, बॉक्स तुझ्यासमोर फोडला की आत्ता.”

“बॉक्स नवा हाय. आतलं नाही.”

“तुला काय कळतंय त्यातलं? प्रोसेसर कशाला म्हणतात ते तरी माहितीय का?”

ते इंदुताईंना माहीत नव्हतं. पण प्लॅस्टिक माहीत होतं, आणि माणूस प्लॅस्टिकला काय काय करतो तेही माहीत होतं.

“हे स्क्रू बघ,” त्या शांतपणे म्हणाल्या. “डोक्यावरच्या फुल्या झिजल्यात. ह्यो चौथा तर दुसऱ्याच रंगाचा हाय. हितं स्टिकर होतं, ते उपटलंय. आन् वरून थिनरनं पुसलंय. मला दिसायलंय की सगळं.”

धनेशने पहिल्यांदा मोबाइल खाली ठेवला. “ताई, कंपनीतूनच येतं असं कधीकधी.”

“मग उघडून दावा.”

“उघडलं की वॉरंटी जाते.”

“जाऊ द्या. नवा निघाला तर सगळे पैसे आत्ता मोजते, आन् वॉरंटी नको म्हणून सही देते.”

मागे दोन गिऱ्हाइकं उभी होती. त्यांनी माना पुढे काढल्या. आता धनेशला माघार घेता येईना. त्याने स्क्रूड्रायव्हर आणला आणि झाकण उचललं.

आत राखाडी धुळीची गादीच होती. पंख्यात केसांचा गुंता. एका कोपऱ्यात झुरळाची वाळलेली अंडी आणि शेजारी खुद्द झुरळ, पाय वर करून. तंबाखूचा आणि ओलसर कुबट असा वास भपकन बाहेर आला. इंदुताईंनी नाकाला पदर लावला. कुणाचं तरी उष्टं ताट पुसून, वर कोथिंबीर भुरभुरून पुढ्यात सरकवावं, तसलाच हा प्रकार.

धनेशच्या चेहऱ्यावरची रेषा हलली नाही. कोडगेपणा तो किती असावा. “ताई, ह्या बजेटमध्ये सगळा बाजार हेच विकतोय,” तो म्हणाला. “कंपन्यांतनं जुना माल टेम्पो भरून येतो. वरून पुसायचा, बॉक्समध्ये घालायचा. आतून कोण बघतंय? आणि मी काय तुम्हाला फसवलं नाही. रणजीतभाऊंना सगळं माहितीय.”

इंदुताईंनी मान वळवली. रणजीत गळ्यातल्या कार्डाशी चाळा करत होता.

“तुला ठाऊक होतं?”

“मामी, चारचौघांत मोठं करू नको. चालतंय ना ते? तुला कुठं रॉकेट उडवायचंय त्याच्यावर?”

“मग मला नव्याची किंमत कशी सांगितलीस?”

उत्तर धनेशनेच दिलं. “त्यात त्यांचंही थोडं असतं ना ताई. धंद्यात चालतंच तेवढं.”

मग मात्र रणजीत चिडला. चोर सापडला की उलटा चिडतोच. “माझ्या एकट्यावर नको येऊस मामी. मामाच म्हणले मला. कायतरी बघ जुनंपानं, आठ दिवसांत तिला काय येणार हाय. हौस फिटली की टीव्हीला पिक्चर बघायला होईल. विचार त्यांना घरी जाऊन.”

दुकानातले सगळे इंदुताईंकडे बघत होते. त्यांना रडू आलं नाही. रडू यायला माणसाबद्दल काहीतरी वाटावं लागतं. त्यांना किळस आली, झुरळाची कमी आणि माणसांची जास्त. ह्या रणजीतच्या बारशाला त्यांनी रात्रपाळी करून येऊन चाळीस माणसांच्या पुऱ्या लाटल्या होत्या. आणि तो दुसरा, भिमाजी, त्यांचा नवरा. त्याची कंपनी बंद पडून चार वर्षं झाली. दोन ठिकाणी वॉचमन म्हणून लागला आणि दोन्हीकडून आठवड्यात परत आला, खुर्ची कडक आहे म्हणून. चार वर्षं ज्या पगारावर त्याचं खाणंपिणं, तंबाखू आणि टीव्हीचा रिचार्ज चालला होता, तो पगार राहतो की जातो याची परीक्षा, आणि त्याला हा माणूस हौस म्हणत होता.

इंदुताईंच्या मनात आलं, तसंच उठावं आणि निघावं. पण आठ दिवसांतला एक दिवस सरत आला होता. दुसरं दुकान म्हणजे दुसरा धनेश. आणि हा पीस लाल पेटीत टाकला, तर त्याच्या मागोमाग त्या स्वतःच पेटीत जाणार होत्या.

“चालू करून दावा,” त्या धनेशला म्हणाल्या.

कॉम्प्युटर चालू झाला.

“आता बंद करा आन् माझ्यासमोर साफ करा. हवा मारा. ते केस चिमट्यानं काढा. मग बिलावर ‘वापरलेला’ असं लिहा आन् वापरलेल्याचीच किंमत लावा. नसंल जमत तर ही दोन माणसं मागं उभी हायत, त्यांना मी आतलं दावते.”

धनेशने मुकाट्याने ब्लोअर आणला. पाऊण तास तो खाली मान घालून साफ करत होता आणि इंदुताई समोर उभं राहून बोट दाखवत होत्या. अजून हितं. अजून तिकडं. किंमत निम्म्यावर आली. बिल त्यांनी दोनदा वाचून घडी करून पर्समध्ये ठेवलं.

बाहेर रणजीतने गाडी चालू केली. “बस मामी, सोडतो घरी.”

“तू जा,” इंदुताई म्हणाल्या आणि खोकं छातीशी धरून रिक्षात बसल्या.

घरी भिमाजी लोडाला टेकून मॅच बघत होता. इंदुताईंनी त्याला काही विचारलं नाही. विचारलं असतं तर तो खोटं बोलला असता, आणि ते ऐकायची आज त्यांच्यात ताकद नव्हती. त्यांनी विजयश्रीला हाक मारली. विजयश्रीने टीव्हीची वायर काढून कॉम्प्युटरची लावली.

“अगं, शेवटच्या ओव्हरी चालल्यात,” भिमाजी म्हणाला.

“शेजारी जाऊन बघा.”

तो पाय आपटत गेला. पुढचे सात दिवस तो घरात असला की सुस्कारे टाकायचा, नाहीतर कूस बदलून म्हणायचा, “झालं का नाही अजून तुमचं टकटक?” माउसचा बाण पहिल्या दिवशी इंदुताईंच्या हातात ठरेना. पीस फिरवून घट्ट झालेली बोटं, ती नको तिथे दाबली जायची. विजयश्री हसायची नाही. तिसऱ्या दिवशी फाइल उघडली. पाचव्या दिवशी तक्ता जमला. सहाव्या दिवशी चार तास वीज गेली, तर इंदुताईंनी कागदावर कीबोर्ड काढून बोटं चालवली.

शुक्रवारी परीक्षा झाली. शनिवारी गेटवरच्या फळ्यावर चार नावं लागली आणि तिसरं इंदुताईंचं होतं. अकरा वर्षं शेजारच्या टेबलावर बसलेल्या रुक्मिणीबाईंचं नव्हतं. त्या आपली डब्याची पिशवी घेऊन समोरून निघून गेल्या. त्यांचं काही चुकलं नाही. त्यांच्या घरी कॉम्प्युटर नव्हता आणि शेजारी विजयश्री नव्हती, एवढंच.

इंदुताईंनी कंपनीच्या बसमधून विजयश्रीला फोन केला. तिने ती बातमी भिंतीपलीकडे पोचवली असणार, कारण इंदुताई दारात आल्या तेव्हा भिमाजी मोठ्याने फोनवर बोलत होता. पलीकडे त्याची बहीण, म्हणजे रणजीतची आई.

“मग काय तर, अक्का,” भिमाजी म्हणत होता. “आपल्या रणजीतनंच आणून दिला ना कॉम्प्युटर. आन् मी लागलो पाठीमागं. रोज टीव्ही बंद करून बसवायचो तिला. नाहीतर तिला कुठं काय येत होतं.” इंदुताई दिसताच त्याने फोन जरा बाजूला धरला. “आलीस? चहा टाक बरं. आन् उद्या रणजीतला जेवायला बोलवलंय. पोरानं एवढं केलंय आपल्यासाठी.”

इंदुताईंनी पर्स खुंटीला लावली. मोरीत जाऊन हातपाय धुतले. ओट्याशी येऊन कप घेतला, त्या कपाने पाणी मोजून पातेल्यात ओतलं, आलं ठेचून टाकलं, दूध घातलं, उकळी येऊ दिली. सगळा चहा त्याच कपात गाळला. मग भिमाजीच्या समोरची खुर्ची ओढून बसल्या आणि सावकाश, फुंकर घालत प्यायला लागल्या.

भिमाजी फोन हातात धरून बघत राहिला. लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती.

“आन् माझा?” तो म्हणाला.

इंदुताईंनी बशीत सांडलेलाही पिऊन टाकला. उठल्या, कपबशी विसळली आणि ओट्यावर पालथी घातली.