पान क्रमांक एक्केचाळीस

योगिनी कुलथेला राग यायला फार काही लागत नसे, पण त्या मार्चमध्ये आलेला राग काही केल्या जाईना. आणि कारण काय, तर एक पान.

नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एका एमबीए कॉलेजात ती शिकवत असे. 'पर्यावरण आणि व्यवस्थापन' हा विषय तिथे तिने अक्षरशः भांडून आणला होता. "मॅडम, आपली पोरं साबण विकायला शिकतात, नदी धुवायला नाही," असं स्टाफरूममध्ये तिला तोंडावर ऐकवलं जायचं. तीन वर्षं अर्ज केल्यावर २००३ साली विषय मिळाला. तोही पन्नास मार्कांचा आणि शनिवारी दुपारचा, म्हणजे निम्मी पोरं बॅगा घेऊन सीबीएसवर एसटीच्या रांगेत उभी असताना. तरी ती उरलेल्या निम्म्यांना घसा कोरडा करून सांगत राहिली की बाबांनो, नफा कमवा, पण नदी, जमीन आणि माणसं शिल्लक ठेवून कमवा. ज्याला एवढं कळत नाही तो मॅनेजर अर्धवट.

पहिल्याच तुकडीतला ललित तिचा लाडका. पुढे तो सिन्नर एमआयडीसीतल्या एका कारखान्यात लागला. लोखंडी सुट्या भागांवर मुलामा चढवायचं तिथलं काम, म्हणजे सांडपाणी विषारी. ललितने वर्षभरात तिथे सांडपाणी शुद्ध करायचा प्रकल्प उभा केला आणि त्याच्या तोंडाशी काचेची टाकी ठेवली. टाकीत शुद्ध केलेलं पाणी आणि त्या पाण्यात लाल-पिवळे मासे. योगिनी पोरांना घेऊन बघायला गेली तेव्हा तिला भरून आलं होतं. हातच्या कांकणाला आरसा कशाला? त्या टाकीचा फोटो कॉलेजच्या माहितीपत्रकावर झळकला. पुण्याच्या एका परिसंवादात तिने त्या माशांवर वीस मिनिटं भाषणही ठोकलं.

२००६ मध्ये योगिनीची विद्यार्थिनी तृप्ती सानप त्याच कारखान्यात सहा आठवड्यांच्या प्रोजेक्टला गेली. प्रोजेक्टची आपली रीत अशी, की मागच्या वर्षीचा रिपोर्ट आणायचा, नाव बदलायचं, काळ्या कापडात बांधून वर सोनेरी अक्षरं छापायची. कंपनी शिक्का मारते, मास्तर जाडी बघून मार्क देतात आणि रिपोर्ट कपाटात जातो. तृप्तीला ही रीत कोणी सांगितली नसावी. तिने सगळा रिपोर्ट स्वतः लिहिला होता आणि एक्केचाळीसाव्या पानावर असं होतं:

'पाहुणे येणार असतील त्या दिवशी सकाळी टाकीतले पाणी बदलतात. हे पाणी प्रक्रिया केलेले नसून पिण्याच्या नळाचे असते. ९ फेब्रुवारी रोजी सफाई कामगार रजेवर असल्यामुळे ते मी स्वतः भरले.'

"तू भरलंस?" योगिनीने विचारलं.

"हो मॅडम. आठ बादल्या लागल्या. मी म्हटलं, शुद्ध केलेलं पाणी इथंच आहे की, तेच टाकते. तर सगळे हसायला लागले. म्हणे, मासे मरतील ना."

"आणि ते पाणी जातं कुठे?"

"मागच्या नाल्याला. आमच्या गावावरूनच जातो तो. आई म्हणते, म्हशी आता त्याला तोंड लावत नाय." घरची बोली निसटली म्हणून तृप्ती ओशाळली.

योगिनीला आधी लाज वाटली. वीस मिनिटं! वीस मिनिटं आपण नळाच्या पाण्याचं कौतुक करत होतो. मग लाजेचा राग झाला. तिने त्या रिपोर्टवर जिथे तिची सही लागत होती तिथे ठसठशीत सही केली.

आता कंपनीचा शिक्का हवा होता, त्याशिवाय तृप्ती पास होणार नव्हती. आणि शिक्का होता ललितकडे. त्याने रिपोर्ट वाचला, हेच नवल. वाचून त्याने शिक्का मारला नाही, थेट कॉलेजच्या संचालकांना, बोरस्ते सरांना फोन लावला.

सरांनी योगिनीला बोलावून घेतलं. "दर वर्षी चार पोरांना नोकरी देते ती कंपनी," ते म्हणाले. "एका पानासाठी चार घरांच्या पोटावर पाय आणू नका. काढून टाका ते पान."

तृप्ती तर तयारच होती. "मॅडम, मी काढते की. माझं काय जातंय?" ती म्हणाली. पण योगिनीचं जात होतं. हे पान निघालं तर तीन वर्षांची भांडणं, शनिवारच्या दुपारी, सगळंच निघालं. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा असा विषय शिकवायचा कशाला?

ती पुन्हा सरांसमोर उभी राहिली. "पान निघणार नाही. शिक्काही मिळाला पाहिजे. नाहीतर हा विषय मी सोडते."

हे तिचं शेवटचं अस्त्र. सगळ्या कॉलेजात हा विषय शिकवणारं दुसरं कोणी नव्हतं आणि विद्यापीठाने तर आता तो सक्तीचा केला होता. सर हादरतील, असं तिला वाटलं.

सर खुर्चीत मागे रेलले. त्यांना चक्क हायसं वाटलेलं दिसलं. "मग प्रश्नच मिटला," ते म्हणाले. "पान राहू द्या. कपाटातले रिपोर्ट कोण वाचतंय? ललित शिक्का मारेल, मी बोलतो. आणि विषय तोच घेईल, शनिवारी. कंपनीलाही तेवढंच बरं दिसतं. आता तुम्हीच सोडते म्हणालात, मॅडम."

तृप्ती पास झाली. पान जसंच्या तसं कपाटात गेलं. योगिनीला जे हवं होतं ते सगळं मिळालं आणि ती घरी जाऊन भांडी आपटत राहिली.

जूनमध्ये ललित स्टाफरूममध्ये आला, हातात पेढ्यांचा पुडा. "मॅडम, तुमच्या नोट्स द्याल? माझ्याकडच्या फार जुन्या झाल्या."

'देणार नाही,' असं तिच्या अगदी जिभेवर आलं. पण नाही दिल्या तर हा कंपनीचं माहितीपत्रक वाचून दाखवेल. तिने फाइल काढली आणि सगळ्यात वर एक्केचाळीसाव्या पानाची झेरॉक्स ठेवली. घे म्हणावं. वाच, आणि खाली घाल मान.

ललितने ते उभ्याउभ्याच पुन्हा सगळं वाचलं. त्याच्या चेहऱ्यावर कुठेही काही हललं नाही. उलट तो खुलला.

"केस स्टडी म्हणून झकास आहे हो, मॅडम. पहिल्याच लेक्चरला घेतो. पोरं जागी होतील." मग फाइल मिटत म्हणाला, "फक्त कंपनी परराज्यातली म्हणतो."

तो मनापासून बोलत होता. फाइल काखेत धरून तो वाकला. योगिनीने पाय मागे घेतले, पण तोवर त्याचा नमस्कार करून झाला होता.